ट्यूडर राण्यांच्या बाहुल्या लोक का जमवतात? आणि कोल्हापूरच्या ताराराणीची बाहुली करायची तर काय लागेल?

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. या गड्याने सहा लग्नं केली. दोन राण्यांचं डोकं उडवलं, दोघींसोबतचं लग्न रद्द करून टाकलं, एक बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली आणि एक त्याच्या मागे उरली.

पाचशे वर्षांपूर्वीची ही भानगड, पण लोकांचा तिच्यातला रस अजून संपलेला नाही. २००७ ते २०१० या काळात 'द ट्यूडर्स' ही मालिका जगभर बघितली गेली. २०१७ मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात 'सिक्स' नावाचं संगीत नाटक आलं. त्यात या सहा राण्या पॉप गायिकांसारख्या हातात माईक घेऊन आपापली बाजू मांडतात. ते नाटक पुढे लंडन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगमंचांवर पोहोचलं.

या ट्यूडर वेडातूनच एक छंद वाढला. या राण्यांच्या बाहुल्या जमवायच्या आणि बाजारात मनासारखी मिळाली नाही तर साध्या बाहुलीचीच राणी करायची.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसांनी बाहुल्या जमवायच्या, यात इतिहास कुठे आला? तर इतिहास इथेच येतो. बाहुलीला राणी करायला बसलं की पहिलाच प्रश्न पडतो, ही बाई दिसायची कशी? आणि ती तशी दिसायची हे आपल्याला सांगितलं कुणी?

हाच प्रश्न लंडनऐवजी कोल्हापुरात विचारला तर उत्तर कसं बदलतं, ते बघण्यासारखं आहे.

आधी हे ट्यूडर कोण, ते थोडक्यात

ट्यूडर हे इंग्लंडवर १४८५ ते १६०३ या काळात राज्य करणारं घराणं. आठवा हेन्री त्यांचा दुसरा राजा. त्याच्या सहा राण्या अशा: कॅथरिन ऑफ ॲरॅगॉन, ॲन बोलिन, जेन सिमोर, ॲन ऑफ क्लीव्ह्ज, कॅथरिन हॉवर्ड आणि कॅथरिन पार.

यातल्या ॲन बोलिनला १५३६ मध्ये आणि कॅथरिन हॉवर्डला १५४२ मध्ये मृत्युदंड दिला गेला. जेन सिमोरने राजाला हवा असलेला मुलगा दिला आणि अवघ्या बारा दिवसांनी तिचा मृत्यू झाला.

हेन्रीच्या मागून आणखी तीन बायकांची नावं गादीशी जोडली गेली. जेन ग्रे १५५३ मध्ये जेमतेम नऊ दिवस राणी होती. त्यानंतर हेन्रीची थोरली मुलगी मेरी आली आणि १५५८ मध्ये ॲन बोलिनची मुलगी पहिली एलिझाबेथ. ज्या बाईचं डोकं मुलगा न झाल्याच्या काळात गेलं, तिच्याच मुलीने पुढे चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं. लोक या गोष्टीत अडकतात ते उगाच नाही.

राजघराणं आणि बाहुल्या, नातं जुनं आहे

फोटो नव्हते, मासिकं नव्हती, तेव्हा एका दरबारातली फॅशन दुसऱ्या दरबारात कळायची कशी? तर बाहुली पाठवून. युरोपातल्या राजघराण्यांमध्ये नव्या पद्धतीचे कपडे घातलेल्या बाहुल्या एका देशातून दुसऱ्या देशात जायच्या. त्या बघून तिथले शिंपी तसे कपडे शिवायचे. म्हणजे त्या काळी बाहुली हा मोठ्यांच्या कामाचा नमुना होता.

ट्यूडर काळातलंच एक चित्र इंग्लंडमधल्या हार्डविक हॉल या वाड्यात आहे. १५७७ सालच्या या चित्रात आर्बेला स्ट्युअर्ट नावाची तेवीस महिन्यांची मुलगी दिसते. तिच्या हातात चांगली नटवलेली बाहुली आहे. ही मुलगी साधीसुधी नव्हती, एलिझाबेथच्या मागून गादीवर हक्क सांगू शकणाऱ्यांपैकी ती एक होती.

पुढे एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरियाने लहानपणी तब्बल १३२ छोट्या लाकडी बाहुल्या जमवल्या. तिची शिक्षिका बॅरोनेस लेहझेन हिच्या मदतीने त्यांना कपडे शिवले. त्यातल्या ३२ बाहुल्यांना व्हिक्टोरियाने स्वतः सजवलं होतं, असं नोंदवलेलं आहे. त्या काळातल्या दरबारी स्त्रिया आणि रंगमंचावरच्या नट्या, नर्तकी अशी बरीच मंडळी त्या बाहुल्यांत होती. प्रत्येकीला नाव होतं. हे नाव देणं लक्षात ठेवा, पुढे ते महत्त्वाचं ठरणार आहे.

विसाव्या शतकात हा छंद बाजारात आला. १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, त्याच सुमारास ब्रिटनमध्ये पेगी निस्बेट यांनी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या बाहुल्या काढायला सुरुवात केली. साधारण सात-आठ इंचांच्या या बाहुल्या खेळायला नव्हत्या, कपाटात मांडायला होत्या. हेन्री आणि त्याच्या सहा राण्यांचा संच त्यात आला आणि आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात लोक तो शोधत असतात.

बार्बीवाली मॅटेल कंपनीही मागे राहिली नाही. नव्वदच्या दशकात तिने जुन्या काळातल्या पेहरावांच्या बाहुल्या काढल्या, त्यात एलिझाबेथच्या काळातली राणी होती. पुढे २००० च्या दशकात थेट पहिल्या एलिझाबेथच्या नावाची बाहुली आली. २०२२ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या कारकिर्दीला सत्तर वर्षं झाली, तेव्हा तिचीही बार्बी निघाली.

बाहुलीची राणी कशी होते?

संग्रह करणारे दोन प्रकारचे असतात. काही जण तयार बाहुली विकत घेतात. काही जण साधी बाहुली घेऊन तिचा चेहरा पुसतात, ॲक्रिलिक रंगांनी नवा रंगवतात, केस बदलतात आणि कपडे हाताने शिवतात. खरी डोकेफोड या दुसऱ्या लोकांची.

त्यांची पहिली भिस्त असते चित्रांवर. हान्स होल्बाइन हा जर्मन चित्रकार हेन्रीच्या दरबारात होता. त्याने काढलेलं जेन सिमोरचं चित्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. लाल रंगाचा भारी पोशाख, गळ्यात आणि छातीवर दागिने आणि डोक्यावर घराच्या छपरासारखं टोक असलेलं शिरोवस्त्र. त्याच होल्बाइनने १५३९ मध्ये काढलेली ॲन ऑफ क्लीव्ह्ज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ते चित्र तर स्थळ दाखवायला काढलेलं होतं. हेन्रीने चित्र बघून होकार दिला, प्रत्यक्ष बघितल्यावर नाक मुरडलं आणि सहा महिन्यांत लग्न रद्द झालं.

आता या चित्रांवरून बाहुली करताना बारकावे बघावे लागतात. छपरासारखं शिरोवस्त्र ही इंग्लंडची जुनी पद्धत. मागे सरकलेलं, अर्धगोल, पुढचे केस थोडे दाखवणारं शिरोवस्त्र ही फ्रेंच पद्धत. ॲन बोलिन फ्रान्सच्या दरबारात वाढली, म्हणून तिला दुसरं. जेन सिमोरला पहिलं. कडक खळ दिलेली मोठी गोल झालरीची कॉलर आली ती नंतर, एलिझाबेथच्या काळात. ती जर हेन्रीच्या राणीच्या गळ्यात दिसली तर जाणकार लगेच म्हणतो, साल चुकलं.

म्हणजे डोक्यावरच्या एका कापडावरून राणी कोणती आणि काळ कोणता हे ओळखता येतं. ज्याने स्वतःच्या हाताने ते कापड शिवलंय, तो हा फरक जन्मात विसरत नाही.

पण चेहराच माहीत नसेल तर?

गंमत अशी की सहाही राण्यांपैकी सगळ्यात प्रसिद्ध ॲन बोलिन, आणि तिचंच खात्रीचं, तिच्या हयातीत काढलेलं रंगचित्र आपल्याकडे नाही. गळ्यातल्या मोत्यांच्या माळेत 'बी' अक्षर अडकवलेलं तिचं जे चित्र सगळीकडे दिसतं, ते तिच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी काढलेलं आहे. तिच्या हयातीतली खात्रीची प्रतिमा म्हणजे १५३४ सालचं शिशाचं एक पदक. ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्यावरचा तिचा चेहरा नेमका नाकापाशी खराब झालेला आहे.

कॅथरिन पारची गोष्ट आणखी भारी. तिचं उभं, पूर्ण चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. पण अनेक वर्षं ते चित्र जेन ग्रेचं म्हणून ओळखलं जायचं. १९९६ मध्ये त्या चित्रातल्या दागिन्यांची जुन्या याद्यांशी तुलना झाली. मुकुटाच्या आकाराचा एक दागिना कॅथरिन पारच्या यादीत सापडला आणि चित्राचं नाव बदललं.

आता विचार करा. त्याआधी ज्यांनी ते चित्र समोर ठेवून जेन ग्रेची बाहुली सजवली असेल, त्यांच्या कपाटात प्रत्यक्षात कॅथरिन पार उभी होती.

यातून संग्राहक एक गोष्ट शिकतो. आपण ज्याला राणीचा चेहरा म्हणतो, तो बऱ्याचदा पुरावा आणि अंदाज यांचा मिळून झालेला असतो. किती पुरावा आणि किती अंदाज, हे सांगता आलं पाहिजे.

आपल्याकडे राजा-राणी आहेत, पण त्यांना नाव नाही

बाहुल्या आपल्यालाही नव्या नाहीत. शेजारच्या कर्नाटकात म्हैसूर भागात दसऱ्याला घराघरांत बाहुल्या मांडतात. त्यात मानाची असते 'पट्टद गोंबे', म्हणजे लाकडी राजा-राणीची जोडी. तमिळनाडूत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची 'कोलू'ची पद्धत आहे. तंजावरच्या मान हलवणाऱ्या बाहुल्यांतही राजा-राणी असतात. आपल्याकडे भातुकलीत राजा-राणीचा संसार पिढ्यान्‌पिढ्या मांडला गेला.

पण ही राणी कोण? कुठली? कुठल्या सालातली? तिला नाव नसतं. ती राजाची राणी असते, एवढंच.

नाव असलेल्या ऐतिहासिक बाहुल्या महाराष्ट्रात दिसतात त्या दिवाळीतल्या किल्ल्यांवर. कोल्हापुरात शाहूपुरीची कुंभार गल्ली, गंगावेश, पापाची तिकटी, बापट कॅम्प हे भाग मूर्तिकामासाठी ओळखले जातात. दिवाळी आली की शहरात ठिकठिकाणी शिवाजी महाराज, मावळे, तोफा, घोडेस्वार विकायला येतात. पोरं दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात आणि वर सिंहासनावर महाराज बसवतात.

या किल्ल्यावर बायका किती असतात? बाल शिवाजीसोबत जिजाऊ असतात. पाण्याचा हंडा घेतलेली, दळण दळणारी, भाजी विकणारी बाई असते. हातात तलवार घेतलेली, नावानिशी ओळखता येईल अशी राणी मात्र क्वचितच दिसते.

याला एक साधं व्यवहारी कारण आहे. ही चित्रं साच्यातून निघतात. नवा साचा करायचा म्हणजे आधी मूळ मूर्ती घडवायची, मग त्यावरून साचा काढायचा, मग खप होईल की नाही याची वाट बघायची. जे दरवर्षी हमखास खपतं त्याचेच साचे वापरले जातात. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून कारागीर करत नाही, आणि दुकानात दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक मागत नाही.

आणि हे त्या जिल्ह्यात, जिथली गादीच एका राणीने उभी केली

कोल्हापूरच्या कवळा नाक्यावर, ताराराणी चौकात, शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी घडवलेला महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे. पुण्या-मुंबईहून कोल्हापुरात शिरणाऱ्यांना तो आवर्जून दिसतो. पण त्या पुतळ्यातल्या बाईने नेमकं काय केलं, हे विचारलं तर अनेकांची गाडी 'औरंगजेबाशी लढली' इथेच थांबते.

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या त्या कन्या आणि छत्रपती राजाराम महाराजांच्या पत्नी. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं, तेव्हा ताराबाई पंचवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा शिवाजी अगदी लहान.

औरंगजेब तेव्हा सगळी ताकद घेऊन दख्खनेत बसला होता. १७०० मध्ये साताऱ्याचा किल्ला गेला, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड. एकेक किल्ला घ्यायला त्याला महिनोन्‌महिने लागत होते आणि त्याच वेळी मराठ्यांच्या फौजा माळवा आणि गुजरातपर्यंत धडक मारत होत्या. सात वर्षं हा कारभार ताराबाईंनी ओढला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ मेला, पण मराठ्यांचं राज्य काही त्याच्या हाती लागलं नाही.

त्यानंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीचा वाद सुरू झाला. साताऱ्याची गादी शाहूंकडे गेली. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर आपली वेगळी गादी उभी केली. तेच पुढचं करवीर, म्हणजे कोल्हापूर राज्य.

ट्यूडर दरबारात शोभेल असा प्रसंग पुढे येतो. १७१४ मध्ये ताराबाईंच्या सवती राजसबाई आणि त्यांचे पुत्र संभाजी यांच्या बाजूने पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा दोघेही कैदेत गेले. ज्या गादीची स्थापना केली, तिथेच कैद.

गोष्ट इथेही संपत नाही. वयाच्या पंच्याहत्तरीत, १७५० मध्ये, ताराबाईंनी साताऱ्यात रामराजांना कैद करून पेशव्यांना पेचात टाकलं. पानिपतचा पराभव झाला त्या वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १७६१ मध्ये, साताऱ्यात त्यांचं निधन झालं.

आता सांगा, सहा राण्यांच्या गोष्टीपेक्षा ही कुठे कमी आहे?

ताराराणीची बाहुली करायची तर

समजा, कोल्हापुरातल्या एखाद्या ट्यूडरप्रेमी मुलीने ठरवलं की कपाटात ॲन बोलिनशेजारी ताराराणी उभी करायची. तिच्यापुढे काय काय प्रश्न येतील?

पहिला प्रश्न चेहऱ्याचा. होल्बाइनसारखा कुणी ताराबाईंसमोर बसलेला नव्हता. त्यांचं हयातीतलं, सर्वमान्य असं चित्र आपल्यासमोर नाही. आपल्या डोळ्यांसमोर जी ताराराणी येते, ती विसाव्या शतकातल्या चित्रांतून, पुतळ्यांतून आणि सिनेमातून आलेली आहे. त्यात कोल्हापूरचाच मोठा हात. भालजी पेंढारकरांचे ऐतिहासिक सिनेमे, जयप्रभा स्टुडिओतले सेट आणि पोशाख, यांनी मराठा स्त्री कशी दिसायची याची एक ठाम प्रतिमा तयार केली. ती प्रतिमा सुंदर आहे, पण ती दोनशेहून जास्त वर्षांनंतरची आहे.

दुसरा प्रश्न वयाचा. कुठली ताराराणी करायची? पंचवीस वर्षांची, घोड्यावरची? एकोणचाळीस वर्षांची, पन्हाळ्यावर कैदेत असलेली? की पंच्याहत्तरीतली, साताऱ्यात राजकारण फिरवणारी? पुतळ्यांमध्ये पहिलीच दिसते. म्हाताऱ्या राणीला आपण सहसा जागा देत नाही. एलिझाबेथचंही हेच झालं. साठी उलटल्यानंतरच्या तिच्या एका चित्रात चेहरा चक्क तरुणीचा आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. ताराबाई रणांगणाचा कारभार बघत होत्या त्या सात वर्षांत त्या विधवा होत्या. मग बाहुलीला कुंकू लावायचं का? मंगळसूत्र घालायचं का? अंगभर दागिने आणि भरजरी शालू चढवायचा का? अहिल्याबाई होळकरांना आपण पांढऱ्या साध्या लुगड्यात बघतो, कारण वैधव्य त्यांच्या प्रतिमेचा भाग झालं. ताराबाईंना मात्र बऱ्याचदा नटलेल्या राणीसारखं दाखवलं जातं. यातलं काय निवडायचं ते करणाऱ्याने ठरवावं, पण ठरवण्याआधी हा प्रश्न पडला पाहिजे.

चौथा प्रश्न रंगाचा. बाजारात बाहुलीसाठी चमकदार जांभळं, राणी कलरचं सिंथेटिक कापड लगेच मिळतं. पण रासायनिक रंगांचा शोधच १८५६ चा. ताराबाईंच्या काळातले रंग नीळ, हळद, मंजिष्ठ, लाख अशा गोष्टींतून निघायचे. तेव्हा जुन्या सुती लुगड्याचा विटका तुकडा दुकानातल्या चकचकीत सॅटिनपेक्षा जास्त खरा दिसेल.

पाचवा प्रश्न मापाचा, आणि इथे शाळेतलं गणित कामाला येतं. बार्बीच्या मापाची बाहुली साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. नऊ वारी लुगड्याचा एक षष्ठांश म्हणजे दीड वार कापड. दोन इंचांचा काठ असेल तर बाहुलीला तो जेमतेम पाव ते अर्ध्या इंचात बसवावा लागतो. खऱ्या साडीचा दोन इंची काठ तसाच लावला तर तो बाईच्या अंगावर फूटभर रुंद काठासारखा दिसतो.

त्यात कापडाची जाडी काही लहान होत नाही. दीड वार जाड कापडाचा कासोटा घातला की बाहुलीच्या कमरेला गाठोडं होतं. म्हणून मलमलसारखं पातळ, वापरून मऊ झालेलं कापड घ्यायचं. ब्लाऊज आजच्या पद्धतीचं हुक लावलेलं नको, पुढे गाठ मारलेली चोळी हवी. दागिन्यांसाठी कोल्हापुरी साजाची नक्कल छोट्या मण्यांत करता येईल, पण आजचा साज जसाच्या तसा १७०० मध्ये होता असं गृहीत धरायचं नाही.

चेहरा नाही, पण कागद आहेत

हे सगळं वाचून वाटेल की ताराराणीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. तसं अजिबात नाही.

शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी 'ताराबाईकालीन कागदपत्रे' संपादित केली आणि विद्यापीठाने ती खंडांमध्ये प्रसिद्ध केली. कोल्हापूरचे इतिहास संशोधक जयसिंगराव पवार यांनी महाराणी ताराबाईंवर स्वतंत्र लेखन केलं आहे. मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानानेही ताराबाईंची बुद्धी आणि मुलकी-लष्करी कामाची जाण मान्य केली आहे. शत्रूच्या बखरकाराने केलेलं कौतुक जरा जास्तच मोलाचं.

फरक असा आहे. ॲन बोलिनकडे निदान एक नाक झिजलेलं पदक आहे. ताराराणीकडे तेवढंही नाही, पण तिच्या कारभाराचे कागद आहेत. इंग्लंडच्या राण्यांना चित्रकारांनी बघितलं. आपल्या राण्या दिसतात त्या पत्रांतून, हुकमांतून, वतनाच्या कागदांतून.

म्हणून ट्यूडर बाहुलीच्या हातात फूल किंवा प्रार्थनेचं पुस्तक शोभतं, तसं ताराराणीच्या एका हातात तलवार असली तरी शेजारी दौत-लेखणी आणि कागदाची गुंडाळी ठेवायला हरकत नाही. पुराव्याच्या दृष्टीने बघितलं तर ती गुंडाळी चेहऱ्यापेक्षा जास्त खात्रीची आहे.

सहा राण्यांसारखा कोल्हापूरचा संच?

एका ताराराणीवरच थांबायची गरज नाही.

राजसबाई आहेत. सत्तापालटाची दुसरी बाजू म्हणून त्यांना संचात जागा हवीच. ट्यूडर संचात ॲन बोलिनशेजारी जेन सिमोर असते, तशी.

कोल्हापूरच्या जिजाबाई आहेत. शिवाजी महाराजांच्या मातोश्री त्या वेगळ्या. या जिजाबाई करवीरच्या संभाजी महाराजांच्या राणी. १७६० मध्ये महाराज गेले, वारस नव्हता आणि पेशव्यांची नजर करवीरवर होती. जिजाबाईंनी दत्तक घेऊन गादी टिकवली आणि १७७३ पर्यंत राज्याचा कारभार पाहिला. कोल्हापूर स्वतंत्र संस्थान म्हणून उरलं यात त्यांचा वाटा मोठा, पण नावाच्या सारखेपणात त्या हरवून जातात.

आणि इंदुमतीदेवी आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या सूनबाई. १९१८ मध्ये पती प्रिन्स शिवाजी यांचा शिकारीच्या अपघातात मृत्यू झाला आणि इंदुमतीदेवी लहान वयातच विधवा झाल्या. त्यांना घराच्या कोपऱ्यात न बसवता शाहू महाराजांनी सोनतळी इथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्यांचा काळ फोटोंचा. त्यामुळे या संचातली ही एकच बाहुली अशी, जिचा चेहरा अंदाजाने रंगवावा लागणार नाही.

चार बाहुल्या शेजारी ठेवल्या की अडीचशे वर्षांचा कोल्हापूरचा इतिहास एका फळीवर बसतो. त्यातल्या तिघींनी आयुष्याचा मोठा भाग वैधव्यात सत्ता किंवा शिक्षण सांभाळत काढला, हेही लगेच लक्षात येतं. पुस्तकात हे वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेलं असतं.

हे करायचं तर खर्च किती आणि सुरुवात कुठून?

परदेशी संग्राहक बाहुली मागवणं भारतातून महाग पडतं. सरकारने खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. वर पाठवणीचा खर्च वेगळा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्यामुळे बाहेरच्या जुन्या संचांच्या मागे लागण्यापेक्षा इथे मिळणारी साधी बाहुली घेऊन तिचं रूप बदलणं सोपं.

दुसरा मार्ग मातीचा. दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी ओळखीच्या मूर्तिकाराकडे जाऊन एकच मूर्ती घडवून मागता येते. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी किंवा एखाद्या तालमीने मिळून मागणी दिली, तर साचा करणंही कारागिराला परवडू शकतं.

आणि बाहुली कुठलीही असो, तिच्या खाली एक चिठ्ठी ठेवायची. नाव, साल आणि दोन ओळी: यातलं काय पुराव्यावर आधारलेलं आहे आणि काय आपण अंदाजाने केलंय. चांगली संग्रहालयंही हेच करतात.

येत्या दिवाळीत पन्हाळ्याची प्रतिकृती करणारी पोरं कोल्हापुरात कमी नसतील. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी सगळं हौसेने उभं करतील. त्या पन्हाळ्यावर १७१० साली गादी कुणी उभी केली, ते एका वीतभर मूर्तीने सांगता येईल. किल्ला बघायला आलेल्या एखाद्याने "ही कोण रे?" असं विचारलं, तर पोरांकडे चिठ्ठी तयार हवी.